सामने काय?

रिसालदार कधीच कोणाकडे तिरक्या नजरेनं पाहत नसत. तुम्ही त्यांच्या बाजूला उभे राहून कितीही बोला, बुबुळ सरकायचं नाही. आधी मान वळायची, मग खांदे, आणि मग तोफेचं तोंड फिरावं तसे ते पूर्णपणे तुमच्यासमोर येऊन थांबायचे. मग म्हणायचे, "हं, बोला." आमच्या इंदुरात माणसं चालत्या स्कूटरवरून मागे वळून गप्पा मारतात, तिथे हा प्रकार फार रुबाबदार दिसायचा. त्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, म्हणून त्यांचं खरं आडनाव बाजूला ठेवून सगळी गल्ली त्यांना रिसालदारच म्हणायची. ही मानसुद्धा त्या घोडदळातूनच उतरलेली असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. मी तर एकदा आरशासमोर तशी मान वळवून पाहिली. ती आखडली, आणि पुढचे दोन दिवस ऑफिसात मी नाइलाजानं रुबाबदार होतो.

रिसालदारांचा मोटार शिकवण्याचा क्लास स्नेहलतागंजात होता. क्लास म्हणजे रस्त्याला लागून एक खोली, तिच्यात टेबल, दोन खुर्च्या, एक जाडजूड रजिस्टर आणि दाराशी उभी असलेली पांढरी गाडी. गाडीला जागोजागी पोचे आलेले होते आणि प्रत्येक पोच्याला तो पाडणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव होतं. नवीन माणूस आला की रिसालदार त्याला गाडीभोवती फिरवत, तिच्या अंगावरून तळहात सरकवत नेत आणि पोचा आला की थांबत. "हे सक्सेना. रिव्हर्स. आणि ह्या कुलकर्णीबाई, मंदिराच्या भिंतीसकट." पोच्यांवर इतक्या मायेनं हात फिरवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता मी तिथे कसा पोचलो ते सांगतो, कारण त्यात माझी शोभा आहे. मी सेहेचाळीस वर्षांचा होतो आणि तुकोगंजातल्या एका विमा ऑफिसात वाहनांच्या अपघाताचे दावे तपासत होतो. ड्रायव्हरनं ब्रेक उशिरा का दाबला, वळताना आरसा का पाहिला नाही, असे प्रश्न लाल पेननं विचारायचा मला पगार होता. आणि मला स्वतःला गाडी येत नव्हती. घरची गाडी मीनल, म्हणजे माझी बायको, चालवायची. मी शेजारी बसून तिला ब्रेक कधी दाबायचा ते सांगायचो. मग एका सकाळी बाथरूममध्ये पाय घसरून तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर मी किल्ली तिच्यापुढे धरली, तेव्हा ती म्हणाली, "अठरा वर्षं मी चालवली. आता तू चालव, मी शेजारी बसून बोलते."

मी सबबी दिल्या. ह्या वयात हात वळत नाहीत, इंदूरचा ट्रॅफिक, माझा रक्तदाब. ती म्हणाली, "रिसालदारांकडे जा. ते माणसाला रडवतात, पण शिकवतात."

पहिल्या दिवशी त्यांनी मला सरळ ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. मला वाटलं होतं, आधी ते चालवून दाखवतील. तसं म्हणालोही. "मी चालवायला लागलो की तुम्ही प्रवासी होता," ते म्हणाले, "आणि प्रवासी तर तुम्ही आधीपासूनच आहात." ते डावीकडे बसले. त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि क्लच होता. मी किल्ली फिरवली, रेस दिली. इंजिन गर्जलं. मी दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून घामाघूम होत रेस देत राहिलो. मिनिटभरानं त्यांनी विचारलं, "कुठपर्यंत आलो?"

"अजून इथेच आहोत."

"मग आवाज कसला येतोय?"

"रेस देतोय."

त्यांनी हात लांबवून गिअरची दांडी चाचपली. "न्यूट्रलमध्ये? तुमच्या ऑफिसातही असंच चालतं का भिया?"

त्या दिवसापासून माझं नाव न्यूट्रल. गल्लीतला चहावालाही मला "न्यूट्रलजी, कट की फुल?" असं विचारू लागला.

संबोधनाचा त्यांचा एक कायदा होता. बरोबर करणारा 'तुम्ही', चुकणारा 'तू'. वय, हुद्दा, बाई, माणूस, काही बघणं नाही. मी पहिल्या दिवशी साडेसात मिनिटं 'तुम्ही' होतो आणि मग तीन महिने 'तू'. एकदा एका बँकेतल्या बाईंना स्टिअरिंगवर डोकं टेकून रडताना मी स्वतः पाहिलं. रिसालदार शेजारी शांत बसले होते. "रडा बाई. पण रडताना पुढे काय आहे ते सांगा. गाडी चालू आहे." त्यांना त्यांनी रडतानाही 'तुम्ही' म्हटलं, कारण बाईंनी हुंदके देत का होईना, पुढचा ट्रक बरोबर सांगितला होता.

कारण 'सामने काय?' हाच त्यांचा सगळा अभ्यासक्रम होता. गाडी सुटली की हा प्रश्न सुरू व्हायचा, आणि गाडी थांबेपर्यंत उत्तर बंद करायला परवानगी नव्हती. पहाटे साडेसहाला ते मला पोलोग्राउंडच्या रस्त्यांवर न्यायचे. कारखान्यांची फाटकं बंद, रस्ते रुंद, झाडांवर पोपट. मी ओरडत चाललेलो. "डावीकडे दूधवाला. समोर सायकल, तिच्यावर सिलिंडर. उजवीकडे कुत्रं झोपलंय."

"झोपलंय कशावरून?"

"हलत नाही."

"मग मेलंही असेल. दिसतं तेवढंच बोल."

मी गप्प झालो की पहिली शिवी बसायची, आणि माझा आवाज जरा कापला की त्यांचा पाय ब्रेकवर पडायचा. मला नवल वाटायचं. समोरचा टेम्पो मला दिसून छातीत धडधडायला लागेपर्यंत त्यांनी गाडी थांबवलेली असायची. "तुला भीती वाटते ती चाकात येते," ते म्हणायचे, "पण चाकाच्या आधी गळ्यात येते. मी गळा ऐकतो."

एका चौकात पाटी होती, 'यातायात नियमों का पालन करें'. माझी गाडी तिथे भर चौकात चार वेळा बंद पडली. मागे हॉर्नची वरात. रिसालदार म्हणाले, "हिंदीत यातायात म्हणजे वाहतूक. मराठीत यातायात म्हणजे हाल. आपल्या घरांत दोन्ही भाषा आहेत, त्यामुळे तुला दोन्ही मिळतंय. चल, चावी फिरव."

हे सगळं छळासारखं वाटत होतं आणि तो छळच होता. पण महिन्याभरात एक गंमत झाली. मला रस्ता दिसायला लागला. तोपर्यंत मी सेहेचाळीस वर्षं ह्या गावात नुसता नेला जात होतो. आता उभ्या रिक्षाखालून डोकावणारे पाय दिसायचे, पुढच्या स्कूटरवाल्याचा खांदा झुकला की तो वळणार हे कळायचं. तोंडानं बोलायचं म्हणून डोळ्यांना शोधावं लागत होतं. ऑफिसात दावे तपासताना माझं लाल पेन मधेच थबकायला लागलं. ब्रेक उशिरा का दाबला, ह्याचं उत्तर मला आता ठाऊक होतं, आणि ते मी रोज सकाळी देत होतो.

राहता राहिलं रजिस्टर. शिकवणी संपली की खोलीत येऊन आपली त्या दिवसाची मोठ्यात मोठी चूक स्वतःच्या अक्षरात लिहायची. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची आणि मग खाली सही करायची. "लिहिताना लाज हाताला वाटते. वाचताना तोंडाला वाटते. दोघांना वाटली की डोक्याला कळतं," असं त्यांचं म्हणणं. मी गोष्टी सांगणारा माणूस. माझ्या फजितीवर चार लोक हसले की माझा दिवस चांगला जातो. त्यामुळे सगळे रडायचे ते रजिस्टर माझा रंगमंच झालं. मी चुका नटवून लिहायचो, सोंग काढून वाचायचो. बाकीचे विद्यार्थी हसायचे. रिसालदारही गालात हसायचे आणि म्हणायचे, "सही कर, न्यूट्रल."

तिसऱ्या महिन्यात एक दिवस मला ऑफिसची घाई होती. मी काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाकडे बघत मनानंच एक चूक वाचून दाखवली. रिसालदार शेजारी खुर्चीत बसले होते, पान त्यांच्यापासून हातभर. "हं," ते म्हणाले, "सही कर."

शाळेत गृहपाठ न करता सुटल्याचा आनंद मला झाला. म्हणून त्या दिवशी मी लिहिलं, 'आज माझी काहीही चूक नव्हती, सगळी रिसालदारांची होती,' आणि दुसऱ्या दिवशी वाचलं, 'क्लच लवकर सोडला.' सही कर. तिसऱ्या दिवशी मी रजिस्टर उलटं केलं आणि त्यांच्या तोंडासमोर धरलं.

"अक्षर बरं येतंय ना आता?"

त्यांनी मान वाकवून उलट्या पानाकडे पाहिलं. "सुधारतंय," ते म्हणाले.

एखाद्या चांगल्या माणसानं त्या क्षणी रजिस्टर मिटून ठेवलं असतं. मला हसू आलं. ते दाबायला मी खोकलो.

मग मला एकेक गोष्ट आठवू लागली. ती मान. पोच्यांवरून फिरणारा तळहात. विद्यार्थ्यानंच पहिल्या दिवसापासून गाडी काढायची हा नियम. बसडेपोतली ड्रायव्हरची नोकरी त्यांनी निवृत्तीच्या पाच वर्षं आधी, कंटाळा आला असं सांगून, सोडली होती ती. आणि 'सामने काय?'. इतके दिवस ज्याला मी अध्यापन समजत होतो, तो खराखुरा प्रश्न होता.

तरी मी विम्यातला माणूस. एका पुराव्यावर आम्ही दावा निकालात काढत नाही. दुसऱ्या सकाळी पोलोग्राउंडवर, दोन्ही बाजूंना बंद फाटकं असलेल्या एका सरळ, रिकाम्या रस्त्यावर गाडी नेली. रस्त्यावर काहीही नव्हतं. एक कागदसुद्धा नव्हता.

"सामने काय?"

"उंट," मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग म्हणाले, "किती लांब?"

"वीस पावलं. बरोबर माणूस आहे, काठीवाला."

"हॉर्न नको देऊ. जनावर बिचकेल. दुसरा टाक. सावकाश, उजवीकडून काढ."

मी रिकाम्या रस्त्यावर, नसलेल्या उंटाला उजवीकडून वळसा घातला. गाडी त्या उंटाच्या बाजूला आली असेल, तेव्हा रिसालदारांनी आपली काच खाली केली, हात बाहेर काढला आणि त्या रिकाम्या हवेला म्हणाले, "राम राम, भैयाजी."

मी ओठ चावून धरले होते. डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचं होतं, हे इथे लिहून ठेवतो.

ह्यानंतर मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. त्यांच्याशी एकट्याशी बोलायला हवं होतं. ज्याला दिसत नाही त्यानं लोकांच्या पोरीबाळींना रस्त्यावर न्यावं हे बरोबर नव्हतंच, आणि हे त्यांना तोंडावर सांगणारा कोणीतरी पाहिजे होता. मी एक अक्षर बोललो नाही. कोणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, दया आली. खरं कारण असं की गोष्ट फार चांगली होती आणि मला ती गणपतीपर्यंत राखून ठेवायची होती. दर वर्षी मंडळाच्या हॉलमध्ये गणपतीत माझा अर्ध्या तासाचा कार्यक्रम असतो, माझ्या फजितीच्या किश्शांचा. मागच्या वर्षीचा थोडा पडला होता.

जुलैत मी परवान्याची परीक्षा दिली आणि पहिल्या फेरीत पास झालो. परीक्षा घेणारा म्हणाला, "आप बोलते बहुत हो, लेकिन चलाते ठीक हो." धावत स्नेहलतागंजात आलो. रिसालदारांनी मान वळवली, खांदे वळवले, माझ्यासमोर येऊन थांबले आणि हात पुढे केला. "तुम्ही पास झालात," ते म्हणाले. तीन महिन्यांनंतरचा तो पहिला 'तुम्ही'. घरी जाऊन मी मीनलला तो शब्द त्यांच्या आवाजात करून दाखवला.

गणपतीत हॉल भरलेला होता. मी माईकसमोर उभा राहिलो आणि न्यूट्रलपासून सुरुवात केली. माझी सोंगं आधी, म्हणजे पुढच्या माणसाचं सोंग काढायला मोकळीक मिळते, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. नाव घेतलं नाही, 'एक गुरुजी' म्हणालो. पण मान वळवून दाखवली आणि हॉल ओळखून हसला. कोरं पान झालं, उलटं रजिस्टर झालं, हशा वाढत गेला. मी उंटावर आलो. आणि तेवढ्यात मला ते दिसले.

दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. नुकताच इस्त्री केलेला शर्ट. शेजारच्या काकूंनी त्यांना हात धरून आणलं होतं. नंतर कळलं, 'तुमचा विद्यार्थी बोलणार आहे' असं त्या म्हणाल्या म्हणून ते आले होते. ते सरळ समोर पाहत होते. आजूबाजूची माणसं त्यांच्याकडे वळून, मग नजर चुकवून, तरी हसत होती.

मी थांबू शकत होतो. एक वाक्य गिळलं असतं तर भागलं असतं. खोकल्याचं सोंग तर मला उत्तम येतं. पण 'राम राम, भैयाजी' अजून व्हायचं होतं आणि सगळा हशा तिथेच होता. मी हात खिडकीबाहेर काढल्यासारखा केला आणि ते वाक्य त्यांच्या आवाजात म्हणालो. त्या हॉलमध्ये इतका मोठा हशा मला आधी कधी मिळाला नव्हता, नंतरही नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "ये," एवढंच. मी गेलो. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. टेबलावर रजिस्टर उघडं होतं.

"लिही," ते म्हणाले.

मी लिहिलं. पंख्याचा आवाज येत होता आणि पेनाचा. मग त्यांनी सांगितलं, "वाच."

मी वाचलं, "क्लच लवकर सोडला."

"पेन बराच वेळ चाललं," ते म्हणाले. "क्लच एवढा लांब नसतो. आधीच्याही वेळी, तू कोरं वाचलंस तेव्हा, आदल्या दिवशी पेन चाललंच नव्हतं. आता काय लिहिलंस ते वाच."

मी वाचलं. 'रिसालदार समोर बसलेले दिसले. हशा यायचा होता म्हणून थांबलो नाही.'

"सही कर," ते म्हणाले.

पुढे जे व्हायचं ते झालं. आठवडाभरात सगळे विद्यार्थी गेले. बँकेतल्या बाई तेवढ्या आल्या आणि पुन्हा रडून गेल्या. रिसालदार दुकानावर निघाले की गल्लीतून कोणीतरी आवाज द्यायचं, "बाजूला व्हा, उंट येतोय." ते थांबायचे. दर वेळी थांबायचे. नवरात्रापर्यंत पाटी उतरली आणि पांढरी गाडी विकली गेली. मला मात्र लोक थांबवून सांगायचे, "बरं केलंस भिया. किती लोकांचे जीव वाचवलेस." आणि ते खोटंही नव्हतं. माझ्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर दावा योग्य होता. ह्यापेक्षा वाईट शिक्षा मला कोणी देऊ शकलं नसतं.

दिवाळी झाल्यावर एका शनिवारी पुन्हा फोन आला. "गाडी काढ. मला देवासला मुलीकडे सोडायचं आहे. परत यायचं नाही."

मी म्हणालो, "मी शहराबाहेर कधी नेलेली नाही."

"म्हणूनच," ते म्हणाले.

एक ट्रंक, एक वळकटी आणि ते. डाव्या सीटवर बसल्यावर त्यांच्या पायांनी खाली ब्रेक शोधला. माझ्या गाडीला तिकडे ब्रेक नव्हता. पाय थोडा वेळ चाचपत राहिले, मग त्यांनी ते जवळ ओढून घेतले. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "सामने काय?"

मी बोलू लागलो. स्कूटर, हातगाडी, सिग्नल, लाल. शहर सुटलं, ट्रक आले. शेजारून पहिला ट्रक गेला तेव्हा माझा आवाज चढला आणि त्यांचा उजवा पाय गाडीच्या रिकाम्या तळावर दाबला गेला. मी वेग कमी केला. हे पाच-सात वेळा झालं. मग माझा आवाज खाली येत गेला आणि त्यांचा पाय स्थिर झाला. सोयाबीन निघून गेलेली शेतं दोन्ही बाजूंना काळी पडली होती.

अर्ध्या वाटेवर रस्ता पांढरा दिसला. दिवाळीनंतर मारवाडाकडचे मेंढपाळ आपली जनावरं घेऊन माळव्यात उतरतात, हे दर वर्षीचंच. मी गाडी थांबवली.

"सामने काय?"

"मेंढरं. शे-सव्वाशे. डावीकडून उजवीकडे चालली आहेत."

"आणि?"

"मेंढपाळ. लाल पागोटं."

"आणि?"

मेंढरांच्या मागून, सामानानं लादलेले, एकामागे एक असे ते येत होते. संथपणे, ओठ हलवत. पुढचा अगदी आमच्या गाडीला खेटून निघाला. त्याच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"आणि काही नाही," मी म्हणालो.

"घंटा कोणाची?"

"मेंढराची."

"मेंढराची घंटा गुडघ्याशी वाजते," रिसालदार म्हणाले. "ही टपावर वाजतेय."

माझ्या तोंडातून शब्द निघेना. सबंध हॉलला ऐकवलेला शब्द. घंटा दाराशी आली, खिडकीवरून पुढे गेली, आणि दुसरी वाजू लागली.

"दिसतं ते बोल, न्यूट्रल."

"उंट आहेत," मी म्हणालो.

"किती?"

"तीन."

"त्या दिवशी एकच होता."

"त्या दिवशी एकही नव्हता, रिसालदारजी."

"ठाऊक आहे. घंटा नव्हती, वास नव्हता."

"मग राम राम का केलात?"

त्यांनी मान वळवली, मग खांदे, आणि पूर्ण माझ्याकडे होऊन थांबले. त्या डोळ्यांत माझ्यापेक्षा मागचं शेत जास्त होतं. "मला सावल्या दिसतात," ते म्हणाले. "उंट आहे असं कोणीही म्हणू शकतं. उंट नाही असं म्हणायला दिसावं लागतं. नाही म्हणालो असतो आणि असता, तर?"

शेवटचा उंट गेला. रस्त्यावर लेंड्या आणि धूळ राहिली. रिसालदारांनी तोंड पुन्हा समोर केलं.

"रस्ता मोकळा झाला का?"

"झाला."

"मग चला. पहिला टाका. सावकाश सोडा क्लच."

टाका. सोडा. मी गिअर टाकला. देवास येईपर्यंत मी दिसेल ते बोलत राहिलो आणि ते ऐकत राहिले, आणि जितक्या वेळा बोलले तितक्या वेळा 'तुम्ही'च म्हणाले. पुढचा फाटा मी चुकलो, गाडी चढावर बंद पाडली, एका पुलाच्या कठड्याला आरसा घासला. एवढ्या तीन चुकांवर पूर्वी आठवडाभर 'तू' मिळाला असता. मी त्या 'तू'ची वाट पाहत होतो.

मुलीच्या दारात ट्रंक उतरवली, वळकटी आत नेऊन ठेवली. ती चहाला थांबा म्हणाली. रिसालदार उंबऱ्यात उभे होते. त्यांनी हात पुढे केला, हवेत, माझ्यापासून जरा डावीकडे. मी डावीकडे सरकून तो हातात घेतला.

"या तुम्ही," ते म्हणाले.